फायर एनओसीची एजन्सी : चार स्टार, पाचवा का कापला तेही लिहिलंय

स्टार चार दिलेत. पाचवा का कापला ते खाली आहे, पण आधी चार का दिले ते वाचा. इथले बाकीचे रिव्ह्यू बघितले तर सगळे "सिलिंडर भरून दिले, सर्व्हिस छान" एवढंच लिहितायत आणि आग विझवायचे सिलिंडर भरून देणारा कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही मिळेल हो, त्यासाठी ह्यांच्यापर्यंत जायची गरजच नाही. ह्यांचं खरं काम वेगळं आहे, फायर एनओसी म्हणजे अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखला मिळावा म्हणून नकाशावरच सगळं नीट बसवून देणं, ते फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून एवढं लांबलचक टाईप करत बसलेय.

आमचं शाहूपुरीत तळमजल्यावर जेवणाचं हॉटेल आहे. मटण थाळी, तांबडा-पांढरा, नेहमीचंच. वरच्या मजल्यावर आधी गोडाऊन होतं, तिथं छोटा हॉल करायचं ठरलं, बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण, वाढदिवस असल्या कार्यक्रमांना. साधारण दीड हजार स्क्वेअर फूट. आप्पांचं, म्हणजे आमच्या सासऱ्यांचं म्हणणं एकदम सोपं होतं, फरशी बदलायची, एसी बसवायचा, रंग मारायचा आणि नारळ फोडायचा. आगीचं काय, तर चार लाल नळकांडी भिंतीला टांगायची. ज्या माणसाकडून आम्ही पूर्वी सिलिंडर घ्यायचो त्यानंही हेच सांगितलं, वर एक पानी कोटेशन व्हॉट्सअपला टाकून मोकळा झाला. इकडं आर्किटेक्ट सर म्हणत होते नकाशा मी मंजूर करून आणतो, फायरचं तुम्ही बघा. म्हणजे बिल्डिंगचं एक बघणार, आगीचं दुसरा बघणार आणि दोघांची गाठ कधी पडणार तर थेट शेवटी, साइट बघायला अधिकारी येतील तेव्हा. तोवर पीओपी झालेलं, टाईल्स बसलेल्या, पैसे गेलेले. आमच्या ओळखीत दोघा-तिघांचं असंच झालंय, नवीन सीलिंग फोडून त्यातनं पाइप घालावा लागला.

एका गिऱ्हाइकानं ह्या एजन्सीचं नाव सुचवलं. पहिल्या व्हिजिटला ह्यांचा इंजिनीअर आला तो सिलिंडरचं कॅटलॉग घेऊन नाही आला, मंजूर नकाशाची झेरॉक्स मागत आला. मला तिथंच बरं वाटलं. आणि त्याचा पहिला प्रश्न, "ताई, वर माणसं बसणार कशी? टेबलं मांडून जेवायला, का नुसत्या खुर्च्या टाकून कार्यक्रमाला?" आप्पा म्हणाले आगीला काय फरक पडतोय रे, माणूस बसलाय का जेवतोय ते.

तर पडतो. नॅशनल बिल्डिंग कोड म्हणून जे देशाचं पुस्तक आहे, २०१६ चं, त्याचा भाग ४ सगळा आगीवर आणि जीवितसुरक्षेवर आहे. त्यात जेवणाच्या खोलीला माणशी दीड चौरस मीटर जागा धरतात आणि खुर्च्या मांडलेल्या हॉलला माणशी ०.६ चौरस मीटर. आमचा हॉल म्हणजे अंदाजे १३९ चौरस मीटर. जेवायला बसवले तर ९३ माणसं, खुर्च्या टाकल्या तर २३२. जागा तीच, भिंती त्याच, पण बाहेर काढायची माणसं अडीचपट. आणि जिन्याची रुंदी त्याच पुस्तकात माणशी १० मिलिमीटरनं मोजतात, म्हणजे ९३ जणांना ९३ सेंटीमीटर आणि २३२ जणांना सव्वादोन मीटरच्या वर. हे त्यानं आमच्या बिलाच्या पॅडवर मागच्या बाजूला लिहून दाखवलं, तो कागद मी अजून ठेवलाय.

त्याच्यावर अजून एक अट, असेंब्ली म्हणून धरलं की जिना दीड मीटरच्या खाली चालतच नाही, हिशोब कितीही कमी येऊ दे. पन्नास किंवा जास्त माणसं कार्यक्रमाला, खाण्यापिण्याला, करमणुकीला जमणार म्हणजे ती जागा असेंब्ली, कोडमधला ग्रुप डी. घरं ग्रुप ए, ऑफिसं ई, दुकानं एफ, गोदामं एच. आता गंमत बघा, आमच्या मंजूर नकाशात वरचा मजला गोदाम, लाइट बिलावर कमर्शियल, जुन्या सिलिंडरवाल्याच्या कोटेशनवर "शॉप" आणि आम्ही करणार होतो हॉल. एकाच मजल्याची चार नावं. इंजिनीअर म्हणाला आधी हे एक करू, मग पुढचं. वापर बदलतोय म्हणजे बांधकाम परवानगीत तो बदल आधी दाखवायचा, फायरच्या अर्जात तोच शब्द, तेच क्षेत्रफळ, तीच उंची. हे ऐकायला एवढंसं वाटतंय पण दोन फायलींत दोन आकडे असले की तिथंच फाइल अडकते, आणि मग हा म्हणतो त्याचं चुकलं, तो म्हणतो ह्याचं.

नियमांची भानगड मी जेवढी समजून घेतली तेवढी सांगते. नॅशनल बिल्डिंग कोड स्वतः कायदा नाही, तो राज्यानं आणि महापालिकेनं आपल्या नियमात घेतला की लागू होतो. बांधकामाचं, म्हणजे किती उंच, किती मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), कुठला वापर कुठं चालतो, ते राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, जी डिसेंबर २०२० मध्ये आली आणि जिला सगळे आर्किटेक्ट यूडीसीपीआर म्हणतात. आणि आगीचा आपला वेगळा कायदा, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६, जो लागू झाला डिसेंबर २००८ पासून. त्यात सरळ लिहिलंय, जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. आर्किटेक्टची नाही, सिलिंडरवाल्याची नाही. आप्पांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवल्यावर ते जरा गप्प झाले आणि त्यांनी चहा मागवला.

आता खरी मजा. ह्या एजन्सीनं काय केलं, तर आमच्या आर्किटेक्ट सरांना फोन करून बोलावलं आणि एकाच ड्रॉइंगवर दोघांनी काम केलं. बिल्डिंग काळ्या रेघेत, फायर लाल रेघेत. दुपारी गिऱ्हाईक संपल्यावर कोपऱ्यातलं मोठं टेबल दिलं त्यांना. सुरुवातीला सर जरा फुगूनच होते, की हा पोरगा मला जिना शिकवणार. पण तासाभरात दोघं एकाच स्केलवर डोकं लावून बसलेले, नंतर तर सोलकढीचा दुसरा ग्लास मागितला.

त्या टेबलावर काय काय सापडलं ते सांगते कारण हेच पैसे वसूल करणारं काम आहे.

हॉलचा दरवाजा. सरांच्या नकाशात तो आत उघडणारा, एकच झडप. असेंब्लीला बाहेर जायचा दरवाजा २ मीटर रुंद लागतो आणि माणसं ज्या दिशेला पळणार त्या दिशेला उघडला पाहिजे. बरं, उघडा की मग बाहेरच्या बाजूला, त्यात काय एवढं. पण बाहेर उघडला तर ती झडप थेट जिन्याच्या पहिल्या पायरीवर येत होती, आणि दरवाजा पायऱ्यांवर उघडलेला चालत नाही, मधे पुरेसा लँडिंग, म्हणजे सपाट जागा, लागतो. म्हणजे फायरचा नियम पाळायला गेलं की जिन्याचा मोडतोय. शेवटी दरवाजा भिंतीसकट आत सरकवला, हॉलचे काही फूट गेले, पण प्रश्न कागदावरच मिटला. हे बांधून झाल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

मेन जिना. चार फुटाचा होता, वर सांगितलं तसं चालणार नव्हता. बाजूला एक चिंचोळी स्टोअर रूम होती, अर्ध्या विटेची भिंत, ती काढून जिना रुंद केला. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घेतल्याशिवाय भिंतीला हात लावू दिला नाही ह्यांनी, हे आवडलं.

दुसरा जिना. असेंब्लीला बाहेर पडायला एक वाट पुरत नाही, किमान दोन लागतात आणि लिफ्ट त्यात धरत नाहीत. आमचा फॅब्रिकेटर म्हणाला मागं गोल लोखंडी जिना टाकून देतो, जागा कमी खातो, दोन दिवसात उभा. एजन्सीनं ठाम नाही म्हणलं. गोल जिना कोडमध्ये फक्त ९ मीटरपर्यंतच्या इमारतीला आणि अगदी थोड्या माणसांसाठी धरलाय. आणि नियम बाजूला ठेवा, आमच्याकडं डोहाळजेवणं होणार, नऊवारी नेसलेल्या बायका, पोटुशी बाई, म्हाताऱ्या आत्या, काखेत पोरं, ही सगळी धुरात त्या गोल जिन्यावरनं उतरणार कशी? सरळ जिनाच पाहिजे.

पण सरळ जिना जागा खातो. बाजूला टाकला तर साइड मार्जिन अडतंय, आणि ते मार्जिन मंजूर नकाशात मोकळं दाखवलेलं. सर म्हणाले तिथं काही टाकू देणार नाही, इंजिनीअर म्हणाला मलाही नकोय, कारण आगीच्या बंबाची गाडी आत यायची झाली तर तीच वाट आहे. म्हणजे पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं ते "नाही" म्हणण्यावर. मग मागच्या बाजूला बघितलं तर तिथं आमचा जनरेटर आणि गेल्या दहा वर्षांचं भंगार. जनरेटर हलवला, भंगार विकलं, आप्पांचा एक जुना लोखंडी पलंग होता त्यावरनं घरात दोन दिवस अबोला झाला, पण जिना बसला.

गॅस. हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं कारण किचन तर खाली, जुनंच. पण वर हॉल झाला की स्वयंपाक वाढणार, टाक्या वाढणार. व्यावसायिक टाकी १९ किलोची. एलपीजी १०० किलोपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतो, म्हणजे पाच टाक्या ९५ किलो, तिथवर ठीक. सहावी आली की ११४, मग नागपूरला मुख्यालय असलेल्या स्फोटक खात्याचे, पेसोचे नियम सुरू, म्हणजे अजून एक पुस्तक. आम्ही पाचवरच थांबायचं ठरवलं आणि लग्नसराईत रोज टाकी मागवतो. टाक्या जिन्याखाली असायच्या त्या बाहेर जाळीच्या खोलीत नेल्या. आमचं हॉटेल नसलं तरी एकदा आपल्या जिन्याखाली काय आहे ते बघा, कोल्हापुरात जिन्याखालची जागा मोकळी असलेली मी तरी बघितली नाही, टाकी नसली तर मीटर, मीटर नसला तर स्कूटर, आणि काहीच नसलं तर चपलांचं कपाट.

मग पाणी. हे मात्र एजन्सीच्या नाही, आप्पांच्या डोक्यातनं आलं आणि त्याचं श्रेय त्यांना देते. टेरेसवर टाकी आणि बूस्टर पंप, प्रत्येक मजल्यावर होज रील (आग विझवायचा गुंडाळलेला पाण्याचा पाइप), हे ड्रॉइंगवर बरोबर होतं. पण पंपाचं इलेक्ट्रिक पॅनल दाखवलेलं तळमजल्यावर मीटरशेजारी. आप्पांनी विचारलं, "एकोणीसला पाणी कुठवर आलतं म्हाईत हाय का तुला?" पोरगा सांगलीचा, त्याला महापूर म्हाईत होता पण आमच्या गल्लीतला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी सगळीकडं पंचगंगा आत, २०२१ च्या जुलैमध्ये परत. पंप टेरेसवर आणि त्याचं डोकं पाण्याखाली, काय उपयोग? आणि पुरात आग लागत नाही असं समजू नका, पाणी ओसरल्यावर ओल्या वायरिंगला लाइट जोडली की मग लागते. पॅनल पहिल्या मजल्यावर घेतलं. पंपाला लाइट मेन स्विचच्या आधीच वेगळी काढली, कारण आग लागली की पहिलं काम म्हणजे कुणीतरी धावत जाऊन मेन पाडतो, आणि मेन पडला की पंप पण बंद.

टाकीचं एक साधं पण डोकेबाज काम केलं ते सांगायलाच पाहिजे. नळाचं पाणी आधी फायरच्या टाकीत पडतं आणि ती भरून ओसंडलं की वापराच्या टाकीत जातं. म्हणजे वापरून वापरून फायरची टाकी कधी रिकामी होत नाही आणि पाणी साचून शेवाळंही धरत नाही. आमच्याकडं आधी एकच टाकी होती, रविवारी दुपारी भांडी घासून झाल्यावर तिच्यात किती पाणी उरायचं ते देवाला माहीत.

टेरेस म्हणलं की शेड आलीच. आप्पांच्या मनात पुढच्या वर्षी वर पत्र्याची शेड टाकून फॅमिली सेक्शन काढायचं होतं. दोघांनी दोन बाजूंनी नाही म्हणलं, सरांनी एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्याचा) आणि परवानगीचा मुद्दा काढला, इंजिनीअरनं मुंबईच्या कमला मिलचं उदाहरण काढलं. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या हॉटेलात आग, १४ जण गेले. वरचा छताचा भाग पेटला आणि लोकांना वाट सापडली नाही. शेडचा विषय तिथं संपला, निदान अजून तरी निघालेला नाही.

आणि कोल्हापूरकराला मुंबईचं उदाहरण कशाला पाहिजे? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अर्धं गाव खासबागेच्या बाजूला उभं होतं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आमच्या आत्यांनी तिथं नाटकं बघितलेली, त्या घरी बसून रडत होत्या. त्या रात्रीनंतर आमच्या घरात फायरवर खर्च कशाला असं कुणी म्हणलेलं नाही, कुरकुर फक्त किती एवढ्यावर.

नवीन बिल्डिंगला हे सगळं सोपं आहे, आधी प्रोव्हिजनल फायर एनओसी, मग बांधकाम, मग फायनल एनओसी आणि त्याच्यानंतर भोगवटा प्रमाणपत्र. जुन्या बिल्डिंगमध्ये वापर बदलायचा म्हणजे चालू गाडीचं चाक बदलायचं. ह्यांनी कागदाचा क्रम मात्र चोख ठेवला, आर्किटेक्टचा सुधारित नकाशा जाईपर्यंत फायरचा अर्ज रोखून धरला, आम्ही घाई करत होतो तरी. नंतर कळलं का ते, आकडे दोन्हीकडं जुळलेले होते म्हणून साइट बघायला आले तेव्हा टेप लावून तेच निघालं जे कागदावर होतं.

एक वाद राहिला होता तो मागच्या दरवाजाचा. आम्हाला त्याला कुलूप पाहिजे होतं, कारण मागनं फुकटे घुसतात, लग्नसराईत तर कुणाचा पाहुणा कोण काय कळत नाही. इंजिनीअर म्हणाला आतनं किल्लीशिवाय उघडलाच पाहिजे, कुलूप नाही, साखळी नाही, वर शटर तर नाहीच. मग पॅनिक बार लावला, आतनं ढकललं की उघडतो, बाहेरनं उघडत नाही. फुकट्यांचा पण बंदोबस्त झाला. महाग आहे, पण विषय हार्ड.

ह्यांनी हॉलच्या प्लॅनवर स्टेज कुठं टाकायचं तेही आखून दिलंय, आणि ती प्रिंट मी काउंटरमागं लावलीय, कारण डेकोरेशनवाले आले की पहिलं काम म्हणजे मागच्या दरवाजावर पडदा सोडतात, त्याच्यापुढं स्टेज, थर्माकोलचं कमळ आणि फोकस. आता बुकिंगलाच सांगते, स्टेज ह्या भिंतीला, झालर दरवाजाच्या अलीकडं, जमत असलं तर बोला. आणि दारावर पाटी, जेवणाची आसनक्षमता ९०. परवाच एक जण म्हणाला दीडशे बसतात की वहिनी, अडजस्ट करा. म्हणलं दुसरा हॉल बघा.

आता तो कापलेला स्टार.

फायनल पेमेंट होईपर्यंत ह्यांचा फोन दुसऱ्या रिंगला उचलला जातो. पेमेंट झालं की "सर साइटवर आहेत." हे एक.

किचनमध्ये ह्यांनी स्मोक डिटेक्टर लावला. तांबड्या रश्शाच्या किचनमध्ये! मिरचीची फोडणी पडली की भोंगा, दुपारी बारा ते तीन सलग. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी ताट सोडून उठलं, दुसऱ्या दिवशी हसलं, तिसऱ्या दिवशी कुणी मानसुद्धा वर केली नाही, आणि ते तिसऱ्या दिवसाचं जास्त वाईट. किचनला हीट डिटेक्टर लागतो, जो धुरावर नाही तर तापमानावर वाजतो, हे ड्रॉइंगवर बरोबर लिहिलेलं होतं, बसवणाऱ्यांनी चुकवलं. बदलून दिला, पण चार-चार मेसेज केल्यावर.

सर्वांत मोठं म्हणजे फॉर्म बी. कायद्याप्रमाणे वर्षातनं दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं असतं. जुलैला जो पोरगा आला त्यानं सिलिंडरचे फोटो काढले, होज रीलचा फोटो काढला आणि सही करायला कागद पुढं केला. पंप चालू केलाच नाही. म्हणलं थांब जरा, पंप सुरू करून पाणी दाखव, मग सही. म्हणतो मॅडम चालू असतोय की. असतोय म्हणजे? मग वर गेला, सुरू केला, तर रीलच्या नोझलमधनं पहिले दोन मिनिटं गंजाचं लाल पाणी. सीओटूच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजन करून बघावा लागतो, तर ह्याच्याकडं वजनकाटाच नाही, शेवटी आमच्या मटणाच्या काट्यावर केलं. मी मालकांना फोन लावून सरळ सांगितलं की हे चालणार नाही. दुसऱ्या दिवशी तोच पहिला इंजिनीअर स्वतः आला, सगळं परत तपासलं, इमर्जन्सी लाइट दीड तास टिकतात का तेही मेन बंद करून बघितलं, आमच्या पोरांना होज रील ओढायला लावली. म्हणजे ह्यांना काम येतंय, पण तुम्ही डोक्यावर उभं राहिलात तरच होतंय. ज्यांनी एवढा चांगला प्लॅन केला त्यांनीच असं करावं ह्याचा राग जास्त.

आणि एक, ह्यांच्या स्वतःच्या ऑफिसच्या जिन्यात सिलिंडरची खोकी लावलेली असतात, दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. हे मी तोंडावर सांगितलंय, हसले आणि म्हणाले हलवतो. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा तिथंच होती.

पैशाचं. सल्ल्याची फी आणि मटेरियल ह्यांचं कोटेशन एकत्र येतं, ते वेगळं करून मागा. वेगळं केल्यावर आम्हाला कळलं की पाइप आणि रील बाहेर स्वस्त मिळतंय, पण सल्ल्याची फी खरं तर कमीच घेतात, आणि सगळ्यात किमतीचं तेच आहे. आयएसआय मार्कचे सिलिंडर पाहिजेत असं लिहून घ्या. किचनमधल्या तेलासाठी वेगळा, के टाइपचा सिलिंडर येतो, तो ते आपणहून सुचवतात, घ्या, कढईतल्या तेलावर पाणी मारलं की भडका छतापर्यंत जातो.

कुणी जावं? ज्यांचं काम अजून कागदावर आहे त्यांनी नक्की, आणि जाताना आर्किटेक्टला सोबत न्या, नाहीतर अर्धा फायदा गेला. लॉज, क्लासेस, दवाखाना, हॉल, जिथं माणसं जमतात किंवा झोपतात, त्यांनी तर नक्कीच. ज्यांना नुसती नळकांडी भरायचीत त्यांनी जवळचा कुणीही बघावा. ज्यांचं बांधून झालंय आणि आता नोटीस आलीय म्हणून पळताय, त्यांनीही जा, पण मग तोडफोडीची तयारी ठेवा, ते गोड बोलून "होऊन जाईल" म्हणत नाहीत.

डिसेंबरच्या शेवटी मात्र फोन करू नका, जानेवारीच्या सर्टिफिकेटची सगळ्या गावाची गर्दी असते आणि तेव्हा तो फोटो काढणारा पोरगाच येतो. दिवाळी झाली की लगेच बोलवा, मोठा इंजिनीअर पाठवा म्हणून आधीच सांगा, आणि तो आला की पंप सुरू करून पाणी बघितल्याशिवाय चहा देऊ नका.